ठिपक्यांची राखण

त्या दिवशी तिने ठिपके दिले आणि मी फोटो काढला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्यात विशेष काहीच नव्हतं. तिने अंगण झाडलं, सडा घातला, ओल जराशी सुकू दिली, मग पदर खोचून उंबऱ्यासमोर उकिडवी बसली आणि चिमटीतून रांगोळी सोडत ठिपके टाकत गेली. आमचं दार पूर्वेला. ऊन वर आलं की सरळ उंबऱ्यावर येतं. मी फोन धरून अंगणात उभा, पाठीला ऊन.

"री, टोपी बाजूला घ्या."

मला ती री म्हणायची. तिचं माहेर मैंदर्गीचं, तिकडं कानडीत बायका नवऱ्याला तशीच हाक मारतात. टोपी बाजूला घ्या म्हणजे टोपीची सावली बाजूला घ्या. माझी सावली रोज तिच्या ठिपक्यांवर पडायची आणि रोज ती माझ्यावर खेकसायची.

मी म्हणालो, "सूर्याला सांग की सरक म्हणून."

"त्यो ऐकंल. तुमीच ऐकत न्हाय."

फोटो काढला. कोपऱ्यात टोपी आलीच. तिने लुगड्याला हात पुसले, फोन तोंडाशी धरला आणि रोजचं वाक्य बोलली, "ठिपके दिले गं पोरींनो. जोडा."

एरवी ती लगेच स्वतःचे ठिपके जोडायला घ्यायची. त्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "गुडघा लई ठणकतोय. आधी चहा टाकते, मग जोडते. तुमी बसा हितं राखण करत. कुत्रं येतंय."

बसलो. अंगणातली ओल उन्हात वर उठत होती, आणि त्या धुरकट उजेडात ठिपके जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखे दिसत होते. असं मला रोज दिसायचं का त्याच दिवशी दिसलं, ते आता सांगता येत नाही. कुत्रं आलं, त्याला हाकललं. दूधवाला आला, त्यालाही ठिपक्यांच्या कडेने जायला लावलं. मग आतून करपल्याचा वास आला.

"दूध उतू चाललंय की गं! कुटं बघती?"

आत गेलो. ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, झोपल्यासारखी. मी आधी गॅस बंद केला. मग तिच्याकडं बघितलं.

गल्लीतली माणसं धावत आली, डॉक्टर आला, त्याने मान हलवली. दारातून माणसं आत-बाहेर करत होती आणि मी दारात उभा राहून ओरडत होतो, "ठिपक्यांवरनं जाऊ नका! कडेनं जावा!" शेजारचा म्हणाला, काकाला बसवा कुठंतरी, काकाचं डोकं ठिकाणावर नाही. डोकं ठिकाणावर होतं. मला राखायला सांगितलं होतं. पण एवढ्या चपला कोण अडवणार? दुपारपर्यंत उंबऱ्यासमोर नुसता पांढरा फुफाटा राहिला.

आणि खिडकीत ठेवलेला तिचा फोन दिवसभर वाजत होता. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. तिकडं पोरी ठिपके जोडत होत्या. त्यांना काय माहीत.

तो ग्रुप कसा होता ते सांगतो. लेक पुण्याला असते. तिने आईला फोन घेऊन दिला आणि कुठल्याशा रांगोळीच्या ग्रुपात घातलं. आधी तिथं बायका नुसते फोटो टाकायच्या आणि एकमेकींना छान छान म्हणायच्या. हिला ते पटेना. दोन-चार दिवस बघितलं आणि बोलली, "नुसतं वा वा काय करता गं? मी ठिपके देते. तुमी आपापल्या दारात तेवढेच टाका आणि जोडा. दुसरीचं बघून जोडायचं न्हाय." झालं. तेव्हापासून रोज सकाळी ही ठिपके द्यायची आणि कुठं कुठं बसलेल्या बायका ते जोडायच्या. ठिपके तेच, पण एकीचं कमळ व्हायचं, एकीचं कासव, एकीचं काहीच कळायचं नाही असलं काहीतरी. हिला लिहिता येत होतं कमीच, माझ्यासारखंच. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, जन्मभर पिठाची गिरणी चालवली. म्हणून ती बोलून पाठवायची. हात रांगोळीने भरलेले, म्हणून फोटो मी काढायचो. ग्रुपात माझं काम तेवढंच.

पण त्या बायका मला ओळखायला लागल्या. सावलीवरनं. "आज टोपी तिरकी का? काका रुसलेत का?" असं विचारायच्या. मी हिला म्हणायचो, तुझ्या या रिकामटेकड्या बायकांना कामं नाहीत का? आणि त्या काय बोलल्या ते पुन्हा ऐकव म्हणायचो.

त्यांची नावं आम्ही घरात घेत नव्हतो. केमची, मस्कतवाली आणि पूर्व भागातली तेलुगू बाई, असंच म्हणायचो. बाकीही होत्या, पण या तिघी रोजच्या. केमची म्हणजे केम गावातली नवी सून. घर स्टेशनाजवळ, तिच्या बोलण्यात मधेच गाडी यायची आणि ती गाडी जाईपर्यंत थांबायची. मस्कतवालीच्या दारात गुळगुळीत फरशी, सडा कुठला, ओलं फडकं मारायची आणि रांगोळी काढायची. ती एकदा म्हणाली, काकू, इथे माझ्या रांगोळीवरून चालायला कोणी येतच नाही, दोन दिवस तशीच राहते. ही म्हणाली, मग तूच चाल की त्याच्यावरनं. तेलुगू बाई सोलापुरातलीच, यंत्रमागाच्या घरातली. तिच्या आवाजामागं मागाची खडखड कायम. तिला मोर काढायची भारी हौस, आणि ही रोज म्हणायची, "मोर हाय का कोंबडी?"

चहा पिताना आम्ही ते सगळे उंबरे बघायचो. एकामागून एक. बघता बघता मला असं वाटायला लागलं होतं की ही सगळी दारं एकाच गल्लीत आहेत. चहा संपवून बाहेर पडलं तर केमच्या दारावरनं पुढं मस्कत लागेल.

ती गेल्याचं ग्रुपात लेकीने कळवलं, दुसऱ्या दिवशी. फोन गप्प झाला. नंतर एक एक आवाज यायला लागला. लेक ते लावायची आणि मी भिंतीला टेकून ऐकायचो. मस्कतवाली नुसती रडत होती, शब्दच नाही. मी जिला कधी बघितली नाही अशी बाई समुद्रापलीकडं बसून माझ्या बायकोसाठी रडत होती, आणि मला मात्र अजून रडू आलेलं नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, बंद करू का?" मी म्हणालो, "राहू दे. रडू दे तिला."

मग त्यांनी एक गोष्ट केली. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. आमचं दार मोकळं होतं, ते रिवाजाने. त्यांनी आपापली दारंसुद्धा मोकळी ठेवली. कोणी ठरवलं मला माहीत नाही. रोज सकाळी फोटो यायचे, झाडलेल्या, सडा घातलेल्या आणि रिकाम्या उंबऱ्यांचे. वर कोणी काही बोलायचं नाही. शेणाने सारवलेलं केमचं अंगण, रिकामं. मस्कतची फरशी, रिकामी, तिच्यात दिव्याचा उजेड पडलेला.

आता गावात रिकाम्या उंबऱ्याचा अर्थ एकच होतो. केमच्या पोरीचा आवाज आला, हसत होती का रडत होती ते कळत नव्हतं.

"काका, काय सांगू तुमाला. आमच्या दारात रांगोळी न्हाय म्हणून शेजारणीला वाटलं आमच्यातलं कोणतरी गेलं. पिठलं-भाकरी घेऊन आली की ओ ती! डोळ्याला पदर लावूनच आत आली. आणि सासूबाई समोर बसलेल्या, शेंगा फोडत. शेजारीण घाबरून मागं सरली. सासूबाई म्हणाल्या, कोण मेलं म्हणून आणलंस? ती म्हणाली, मला वाटलं तुमीच."

मागनं सासूचा आवाज आला, "सांग त्यांना, पिठलं चांगलं झालं हुतं म्हणून! खाल्लं मी!"

त्या दिवशी मी हसलो. सुतकातल्या घरात मोठ्याने हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. काय सांगणार तिला? केमला एक बाई स्वतःच्या मरणाचं पिठलं खाऊन बसली आहे, हे जिने ऐकायला हवं होतं तीच नाही.

तेलुगू बाई घरी येऊन गेली. दारात उभी राहिली तेव्हा ओळखलं नाही, "काका" म्हणाली तेव्हा आवाजाने ओळखलं. मागाची खडखड मागं नव्हती, त्यामुळं तो आवाज उघडा पडल्यासारखा वाटला. हिच्या फोटोसमोर बसली आणि हळूच म्हणाली, "काका, त्या दिवशी मी मोर काढला. निळा, हिरवा, सगळा रंग भरला. काकू तिकडं गेलेली आणि मी हिकडं मोराला पिसारा करत बसले."

मी म्हणालो, "बरं केलं. दुसरं काय काढणार हुतीस? पण मान वाकडीच आलीय."

ती माझ्याकडं बघतच राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. "कोंबडी झाली का?"

"कोंबडीच."

तेरावा झाला. लेक म्हणाली पुण्याला चला, मी नाही म्हणालो. ती दोनदा बोलली, मी दोनदा नाही म्हणालो, मग ती गेली. जाताना आईचा फोन कसा लावायचा, आवाज कुठं दाबून पाठवायचा, ते दाखवून गेली.

आता घरात मी आणि तो फोन. मी खरं सांगतो, मला दुसरं काही नको होतं. सकाळी तो वाजावा एवढंच. चहाच्या वेळेला टिंग व्हावं, की मग आत कोणीतरी भांडी हलवतंय असं समजून चहा गिळता येतो. पण सुतक फिटलं आणि रिकाम्या उंबऱ्यांचे फोटो यायचे थांबले. रांगोळ्यांचे यायला हवे होते, तेही आले नाहीत. एक सकाळ गेली, दुसरी गेली. मी फोन हातात धरून बसायचो, बंद पडलाय का बघायचो. बंद नव्हता. ठिपके द्यायला कोणी नव्हतं. तू दे, तू दे असं त्यांच्यात झालं, पण काकूंच्या जागी कोण बसणार, म्हणून एकही पुढं येईना.

मग एके दिवशी दुपारी मस्कतवालीचा आवाज आला, ग्रुप मुळात तिनेच काढलेला. शांत बोलली. "मला वाटतं आपण हा ग्रुप इथेच थांबवूया. काकूंच्या शेवटच्या ठिपक्यांवर. तो त्यांचा मान होईल. मी आज संध्याकाळी बंद करते, कुणाची हरकत नसेल तर." दोघी-तिघींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. केमची बोलली, "काकांना तर विचारा. काका, तुमी ऐकताय का? तुमी म्हणाल तसं."

मी फोन छातीवर ठेवून बाजेवर पडलो. मला कळत होतं की काहीतरी बोलायला हवं, पण मी त्यांच्यातला कोण? मी म्हणजे कोपऱ्यातली टोपी. बाहेर ऊन होतं, पंखा फिरत होता, डोळे कधी मिटले कळलं नाही.

ती गल्ली आली. सगळे उंबरे एका ओळीत. मस्कतची फरशी, तिला लागून केमचं अंगण, पलीकडं मागाचं घर, आणि सगळी दारं उघडी, सगळे उंबरे कोरे. मी अनवाणी चाललो होतो, पाय जमिनीला लागत नव्हते तरी जपून टाकत होतो, कशावर पडू नयेत म्हणून. कुठंतरी गाडीची शिट्टी झाली आणि ती संपेपर्यंत सगळं थांबलं. गल्लीच्या टोकाला ती पाठमोरी बसली होती. ठिपके देत होती. हात हलत होता, बरोबर अंतरावर थांबत होता, चिमटी उघडत होती, पण खाली काही पडत नव्हतं.

"रांगोळी संपली का गं?" मी विचारलं.

मागं न बघता म्हणाली, "डबा तुमच्याकडं हाय की."

बघितलं तर माझ्या हातात फोन नव्हता, रांगोळीचा डबा होता. पितळी, झाकणाला पोचा पडलेला. मी तो द्यायला पुढं झालो तर म्हणाली, "टोपी बाजूला घ्या, री." आणि पंख्याचा आवाज मोठा झाला.

उठलो. ऊन भिंतीवरून खाली आलं होतं. संध्याकाळ व्हायला वेळ होता. फोन घेतला, लेकीने दाखवलं होतं तसं दाबलं. पहिल्यांदा माझं नुसतं खाकरणं गेलं. दुसऱ्यांदा बोललो.

"ऐका. बंद करायचं न्हाय. कसला मान? ती असती तर म्हणाली असती, बसल्यात रिकाम्या. उद्या ठिपके मी देतो."

मग केमची.

"तुमाला येतं का काका?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय? वाकडे येतील. तुमी सरळ करून घ्या की."

मस्कतवालीचा आवाज सगळ्यात शेवटी आला. "बरं काका," एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी चहा केला. पिऊन टाकला, कप धुवून पालथा घातला. ते काम मागं ठेवायचं नव्हतं. मग अंगण झाडलं, सडा घातला. सडा असा पडला की एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला धूळ. ओल सुकायची वाट बघितली. पितळी डबा काढला. आत तिच्या बोटांचे खळगे तसेच होते, मी क्षणभर हात घालायला बिचकलो. मग घातला.

जन्मभर मी पीठ हाताळलं. पीठ मुठीने घ्यायचं, ओंजळीने लोटायचं. चिमटी मला माहीतच नाही. पहिला ठिपका पडला तो बाजरीच्या भाकरीएवढा. फुंकर मारून उडवला तर सगळं माझ्याच डोळ्यात. समोरच्या घरातली म्हातारी दात घासत बघत होती. म्हणाली, "काय ओ, आता हे पण चालू केलं का?"

"व्हय."

"बाईमाणसाचं काम ते."

"बाईमाणूस न्हाय घरात. तू येती का?"

ती चूळ भरून आत गेली.

गुडघे मोडले, कंबर धरली, पण ठिपके दिले. ओळी सरळ नव्हत्या. मधली ओळ गावठाणातल्या पायवाटेसारखी कुठंच्या कुठं गेली होती. तरी मोजायला बरोबर होते, तेवढं मी बघितलं. ऊन उंबऱ्यावर आलं. मी फोन घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं. लांब बाजूला जाऊन, वाकून, हात पुढं काढून असा फोटो घेतला की सावलीचा एक केस त्यात येऊ नये. स्वच्छ फोटो. पाठवला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिचंच बोललो, "ठिपके दिले गं पोरींनो. जोडा."

थांबलो. टिंग झालं.

केमची होती. "काका, ठिपके लई भारी वाकडे हायत. चालतंय. पण टोपी कुठाय?"

पाठोपाठ मागाची खडखड आली आणि तेलुगू बाई म्हणाली, "टोपीशिवाय आमी जोडणार नाही हां काका. परत काढा."

टोपी मी ती गेल्यापासून घातलीच नव्हती. खुंटीवर होती. जाऊन घातली. परत अंगणात आलो आणि रोजच्या जागेवर उभा राहिलो, पाठीला ऊन घेऊन. सावली पसरली, ठिपक्यांच्या कोपऱ्यावर टोपी गेली. मी जरा वेळ तसाच थांबलो. ओरडा ऐकायची सवय होती. कोणी ओरडलं नाही. मग फोटो काढून पाठवला.

मला जोडता येत नाही. ते मी शिकणार पण नाही. मी उंबऱ्यावर जाऊन बसलो. गल्लीतलं तेच कुत्रं आलं, ठिपक्यांपाशी नाक घेऊन हुंगायला लागलं. हाड म्हणालो. ते थोडं लांब जाऊन बसलं आणि माझ्याकडं बघत राहिलं. दूधवाल्याला कडेने जायला सांगितलं. ओल वर उठत होती. मी राखण करत बसलो.